घागरीतलं पाणी हलत नव्हतं

आमच्या घरात कुठलंही दुखणं सांगायचं म्हणजे आधी भूकंपाशी गाठ पडायची. दाढ दुखली, तर आप्पा म्हणायचे, "आमच्या अंगावर घराचं आख्खं मातीचं माळवद आलं व्हतं, दाढंचं काय घेऊन बसलीस?" ताप आला, तेच. मैत्रिणीनं बोलणं टाकलं, तेच. मी जन्मले भूकंपानंतर वर्षभरानं, पत्र्याच्या शेडमध्ये. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जे सोसलं ते मी सोसलंच नव्हतं. जणू मुद्दाम उशिरा आले, असं माझ्याशी वागायचे सगळे. मला याचा लहानपणापासून राग आहे आणि तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आप्पा म्हणजे माझे वडील. किल्लारी ते लातूर जीप चालवायचे. भूकंपात त्यांची आई गेली आणि माझी मोठी बहीण गेली. तिला मी कधी पाहिलं नाही, पण आक्काच म्हणते. भूकंपाचं नाव घरात रोज निघायचं, आक्काचं कधीच नाही. पुढं नव्या गावात सरकारनं घर दिलं, वर चांगला पक्का स्लॅब. त्या स्लॅबखाली आप्पा एकदाही झोपले नाहीत. उन्हाळा असो की थंडी, त्यांची बाज अंगणात. पाऊस आला की ओट्यावरच्या पत्र्याखाली सरकवायची. पाहुण्यांनी विचारलं की आई म्हणायची, "त्यांना आत उकडतं." मलाही कितीतरी वर्षं ते खरंच वाटायचं.

आमच्या ओट्यावर एक घागर तोंडोतोंड भरून, उघडी ठेवलेली असायची. प्यायची नाही ती, बघायची. मोठ्या भूकंपानंतरही जमीन अधूनमधून गुरगुरायची, आणि नाही गुरगुरली तरी माणसांना तसं वाटायचं. कुणाला हादरल्यासारखं झालं की आधी घागरीकडं बघायचं. पाणी हललं तर पळायचं, नाही हललं तर तो भास. "पाणी हालत न्हाई, बस खाली," की विषय संपला. गावातल्या पुष्कळ घरांत अशी काही ना काही खूण होती. कुणी टांगलेल्या बल्बकडं बघायचं, कुणी पेल्यावर पेला रचून ठेवायचं. शहाणपणाचीच गोष्ट होती ती. फक्त माणसाच्या आत काही हललं तर ते घागरीला कळत नाही, एवढंच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दहावीला मला बरे मार्क पडले आणि आप्पांनी ठरवलं की मी डॉक्टर होणार. मला विचारलं नाही. त्या काळात आमच्या भागात असं विचारायची पद्धतच नव्हती. मार्क पडले की पोरगं लातूरला, क्लासला. लातूर तेव्हा तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. ज्याच्या घरात एक जास्तीची खोली तो हॉस्टेलवाला, ज्याच्या घरात मोठं पातेलं तो मेसवाला. खांबाखांबावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. रेणापूरपासून किनवटपर्यंतची पोरं पाठीवर सॅक टाकून पहाटेपासून पळताना दिसायची. कुणी हसत नसे. हसायला वेळ लागतो.

माझ्या खोलीत नांदेडची एक मुलगी होती. तिच्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान होतं. बाकी सगळे मला सल्ले द्यायचे, ही नुसती माझ्याकडं बघायची, आणि मला ते बरं वाटायचं.

पहिली तक्रार पोटानं केली. टेस्ट असली की सकाळी पोटात कळ. मग जबडा. झोपेत मी दात इतके आवळायची की उठल्यावर भाकरी चावताना कानापर्यंत ठणका जाई. केस हातात यायला लागले. पाळी चुकली, एकदा नव्हे, लागोपाठ. तळहाताला एवढा घाम की उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करताना कागद ओला होई. आणि मग छातीत ते सुरू झालं. वाचता वाचता एकदम धडधड, कानात गरम, आणि पायाखालची फरशी सरकतेय असं वाटे.

घरमालकीणकाकू म्हणाल्या, अशक्तपणा. चौकातल्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. आमच्याकडं सलाईन म्हणजे देवाचं तीर्थ. परीक्षेच्या आधी तिथल्या खाटांवर रांगेनं पोरं झोपलेली असत, एका हाताला सुई, दुसऱ्या हातात नोट्स. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! आई आली ती बदाम आणि तुपाचा डबा घेऊन. जाताना मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून गेली. मोहऱ्या तडतडल्या म्हणून तिला समाधान वाटलं. माझी धडधड थांबली नाही.

मग एकदा मीच आप्पांना फोन केला. म्हणाले, "आप्पा, मला हादरल्यासारखं होतंय. सारखं."

ते जीप चालवत होते, मागं बसलेल्या प्रवाशांचा गलका ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, "खोलीत पाणी हाय का भरलेलं?"

"आहे. बादली आहे."

"हालतंय का?"

मी बादलीकडं पाहिलं. "नाही."

"मग काय न्हाई. पुस्तक घे." आणि फोन ठेवला.

मी तशीच त्या बादलीकडं बघत उभी राहिले. त्या स्थिर पाण्याचा एवढा संताप आला की लाथ मारून सांडावीशी वाटली. सांडली असती तर पुसायलाही मलाच लागलं असतं.

बारावीच्या दिवाळीनंतर ते घडलं, ज्याची आठवण काढून माझे क्लासमधले लोक अजून हसतात. मोठ्या हॉलमध्ये फिजिक्सची टेस्ट होती. पेपर हातात आला आणि पहिलाच प्रश्न वाचताना छातीत ठोका सुटला. बेंच हलला. खरंच हलला, मी शपथेवर सांगू शकत होते. पेन घरंगळलं, भिंत पुढं आल्यासारखी झाली. लहानपणापासून जे शिकवलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. मी उभी राहून ओरडले, "भूकंप! पळा!"

आता मजा बघा. नाशिकची, पुण्याची, बाहेरून आलेली पोरं होती, ती माना वर करून बघत बसली. पण आमच्याकडची? औसा, निलंगा, उमरगा, किल्लारी या भागातली एकूण एक पोरं कसलीही शहानिशा न करता उठली. बेंचवरून उड्या मारल्या, चपला तिथंच राहिल्या, एकानं तर सरांनाच हाताला धरून बाहेर ओढलं. सगळे रस्त्यावर, इमारतीपासून लांब, मोकळ्या जागेत. आईबापांनी शिकवलेलं कुणी विसरलं नव्हतं. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की विजेच्या तारा स्थिर आहेत आणि पलीकडचा चहावाला निवांत चहा गाळतोय. दोनशे डोळे माझ्याकडं वळले.

सरांनी आप्पांना बोलावून घेतलं. केबिनमध्ये सर म्हणाले, "अभ्यास झाला नव्हता म्हणून हे नाटक केलंय हिनं. अख्खी टेस्ट वाया घालवली." आप्पा हात जोडून उभे. भूकंपातून वाचलेला हा माणूस एका क्लासवाल्यापुढं असा वाकून उभा राहिलेला बघून मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हणाले, "मी नाटक नाही केलं. मला खरंच हललेलं जाणवलं."

सरांनी टेबलावरची बाटली उचलून दाखवली. "हे पाणी हललं का?"

मला वाटलं, हेही आमच्याच गावचे निघाले की काय. आप्पा मान खाली घालून म्हणाले, "चुकलं सर. पुन्हा न्हाई व्हनार." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खरं बोलायला गेले आणि नाटकी ठरले.

त्या संध्याकाळी खोलीत आप्पा एका पेटीवर बसले होते. शेवटी माझी रूम पार्टनरच बोलली. "चाचा, माझ्या खालालाबी, मावशीला, असंच व्हायचं. छाती धडधड, हातपाय गार. हार्टचे सगळे फोटो काढले, काय न्हाई निघालं. मग नांदेडला एक बाई डॉक्टर हायत, त्यांच्याकडं गेली. आता बरी हाय."

"कसल्या डॉक्टर?" आप्पांनी विचारलं.

ती थोडी अडखळली. "मनाच्या."

आप्पांचा चेहरा असा झाला की जणू तिनं मला येड्यांच्या इस्पितळात घालायला सांगितलं. पण सरांची भीती मोठी होती. पुन्हा असं झालं तर नाव काढून टाकू, असं सर म्हणाले होते. लातुरात तसे डॉक्टर नव्हते असं नाही. पण लातुरात ओळखीचे लोक होते. म्हणून नांदेड. जीपही घेतली नाही, कारण स्टँडवरच्यांनी विचारलं असतं. एसटीनं अहमदपूर, लोहा करत गेलो. वाटेत आप्पा एकदाच बोलले. "कुणी इचारलं तर पोटाच्या डॉक्टरकडं चाललो म्हण."

वेटिंग रूममध्ये पाय ठेवला आणि समोरच्या बाकावर आप्पांच्याच स्टँडवरचा एक जीपवाला बसलेला, तोंडाला उपरणं गुंडाळून. दोघांनी एकमेकांना पाहिलं. पळायला जागा नव्हती.

"रामराम. हितं कुणीकडं?" आप्पांनी विचारलं.

"दात," तो म्हणाला. "दात दुकत हाय लई. तुमी?"

"पोरीचं पोट."

दाराबाहेरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, आत कसली डॉक्टर बसते ते. त्या पाटीखाली दोन मोठी माणसं दात आणि पोट यावर पाच-दहा मिनिटं गंभीरपणे बोलत राहिली. तिसऱ्या बाकावरचे एक गृहस्थ, तेही लातूरचेच असावेत, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. अख्खं लातूर लपायला नांदेडला येत होतं आणि तिथं एकमेकांना भेटत होतं. दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसले असते.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, आवाज खर्जातला. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. लातूरला आल्यापासून माझं वाक्य पुरं होऊ देणारं हे दुसरंच माणूस. मग त्यांनी आप्पांना विचारलं, "तुम्ही काय करता?"

"जीप चालवतो."

"मग तुम्हाला लवकर कळेल. गाडी न्यूट्रलला उभी आहे आणि एकानं अॅक्सिलरेटर दाबून धरलाय, दिवसभर. काय होईल?"

"इंजिन तापंल. तेल जळंल."

"हिचं तेच चाललंय. संकट आलं की शरीर पळायची तयारी करतं. छाती जोरात चालते, पोटाचं काम थांबतं, हाताला घाम येतो. पण हिला पळायला कुठं जागा आहे? ती बाकावर बसलेली आहे. ही नाटक करत नाही. तिला जे हललेलं वाटलं, ते तिच्या आत खरंच हललं."

मला वाटलं, बाईंचे पाय धरावेत. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की हललं.

त्यांनी मला श्वास शिकवला. आत घ्यायचा तो साधा, सोडायचा तो लांब, शेगडीवर फुंकर घालतात तसा. पाय जमिनीला घट्ट टेकवायचे. संध्याकाळनंतर चहा नाही. रोज थोडं चालायचं. झोप कापायची नाही. काही दिवस एक गोळी. मी मनातल्या मनात हिशेब करत होते की संध्याकाळी चालायचं म्हणतात, पण संध्याकाळी तर टेस्ट असते. झोप म्हणतात, पण पहाटेची बॅच? उपाय सगळे चांगले होते, फक्त ते करायला जे आयुष्य लागतं ते लातुरात भाड्यानं मिळत नव्हतं.

बाईंनी वही बंद करता करता सहज विचारलं, "घरात अजून कुणाला असा त्रास? तुमची झोप कशी आहे?"

"झकास," आप्पा म्हणाले.

मी बोलले. बोलायचं ठरवलं नव्हतं. "ते घरात झोपत नाहीत. कधीच नाही. अंगणात झोपतात."

"उकडतं मला," आप्पा म्हणाले.

"थंडीतही?" बाईंनी विचारलं.

आप्पा उठले. "एसटीची येळ झाली," म्हणाले, आणि मला तिथंच सोडून बाहेर गेले.

घरी आल्यावर आप्पांनी आईला सांगितलं, "अॅसिडिटी निघाली." शेजारी, पाहुणे, सगळ्यांना अॅसिडिटी. माझ्या गोळ्या पित्ताच्या पुडीत गुंडाळून ठेवायचा हुकूम झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गोळ्यांनी आणि त्या फुंकरीनं मला बरं वाटायला लागलं होतं, पण बरं वाटतंय हेही सांगायची चोरी, कारण मुळात काही झालंच नव्हतं ना!

परत लातूरला गेले, परीक्षा दिली. छाती हलली, पाय टेकवले, श्वास सोडला, पेपर पुरा केला. ओरडले नाही. माझ्या दृष्टीनं मी जिंकले होते. मेडिकलच्या यादीत मात्र माझं नाव लागलं नाही. मी घरी आले, खूप झोपले, भाकरी चावताना कान ठणकला नाही. पाळी आपोआप वेळेवर आली. शरीरानं एवढ्या स्पष्टपणे कौल दिला होता. आणि एका सकाळी आप्पा जीप धुता धुता म्हणाले, "सरांशी बोललोय. रिपीटर बॅचला नाव घातलं. सोमवारी सोडतो तुला."

माझ्या हाताला तिथल्या तिथं घाम फुटला.

मी म्हणाले, "मी जाणार नाही."

"एक वरीस तर हाय. आमी भूकंप..."

"भूकंप, भूकंप, भूकंप!" मी आप्पांवर कधी आवाज चढवला नव्हता. आई चुलीपासून उठून दारात आली. "आप्पा, आपलं घर पडलं तेव्हा त्याच जागेवर परत जाऊन झोपा, असं तुम्हाला कुणी म्हणालं का? एक तरी माणूस म्हणालं? मग मलाच का परत तिथंच बसवताय?"

आप्पांच्या हातात ओलं फडकं होतं. ते बॉनेटवर तसंच धरून उभे राहिले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर मी सहन केलं असतं, पण गेले नसते. एवढं पक्कं होतं.

मग ते बोलले, माझ्याकडं न बघता.

"तुजी आक्का आवाज द्यायली व्हती आतून. धोंडे लई व्हते. मी म्हणलं, जरा कळ काढ बाळा, येतोच. दुपारपातुर देत व्हती आवाज."

आई दारातच खाली बसली. इतक्या वर्षांत मी आक्काचं एवढंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. माझा राग कुठं गेला नव्हता, पण आता तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना.

आप्पांनी फडकं पिळलं, आरशावर वाळत टाकलं.

"तूबी दोन वर्सं आवाज द्यायलीस," ते म्हणाले. "मी पाणी बगत बसलो."

मग सीटखालून किल्ली काढली आणि म्हणाले, "बस. लातूरच्या खोलीवरचं सामान घेऊन येऊ तुजं."